हिंगोलीच्या गाडीतली सायकल

माझा राग वाईट. चाकणच्या आमच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे, घरच्यांना तर विचारूच नका.

माझ्या पोरीचं, वर्षालीचं, बारावीचं वर्ष. परीक्षेचं सेंटर हिंगोलीकडच्या आमच्या गावापासून नऊ किलोमीटर. पास झाली तर नर्सिंगला घालायची, नाहीतर आमच्या आईनं स्थळ बघूनच ठेवलेलं. स्थळाचं नाव काढलं की पोरगी ताटावरून उठायची. टमटममध्ये बारा-बारा पोरं कोंबतात, म्हणून मी फोनवरच दम भरला होता, "टमटममध्ये पाय ठेवायचा नाही. मी सायकल घेऊन येतो."

पिंपरी कॅम्पातून नवी कोरी सायकल घेतली. रेल्वेच्या पार्सलवाल्यानं सांगितलं, बारदानात बांधून आणा, पोचेल तेव्हा पोचेल. रविवारी वल्लभनगरच्या स्टँडवर गेलो, तर एसटीचा कंडक्टर हसला. "काका, टपावर जाळीच नाही आता. मांडीवर घेऊन बसणार का?" मी त्याचा उद्धार केला. तेवढ्यात गाडी गेली, आणि सुट्टीही.

शेवटी पेपरच्या आदल्या संध्याकाळी हिंगोलीची ट्रॅव्हल्स गाठली. आमच्याकडे माणसाला रजा नसली की सामान असंच एकटं जातं. ड्रायव्हरचा नंबर गावी कळवायचा, फाट्यावर कुणीतरी उतरवून घ्यायचं. ड्रायव्हर विक्की म्हणाला, "सकाळी सातला पोचती करतो, राव." सायकल डिकीत आडवी घातली. वाटेत कुणी हात मारू नये म्हणून मागच्या चाकाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वर्षालीला फोन केला. "सहापासून फाट्यावर उभी राहा. नवी आहे. एक ओरखडा दिसला तर याद राख."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला शिफ्ट सुटली. आत मोबाईल नेऊ देत नाहीत. लॉकरमधून काढला तर एकवीस मिस कॉल, सगळे वर्षालीचे. नकळत खिशात हात गेला आणि किल्ली बोटांना लागली. लगेच तिला फोन लावला.

"पेपर?" मी विचारलं.

"नाही दिला, पप्पा. गाडीचं टायर फुटलं होतं, साडेनऊला आली. टमटम तवर गेली. तुम्हीच म्हणले होते ना, बसू नको. मग सायकलचं मागचं चाक उचलून धरून चालत गेले. अकराचा पेपर, पोचेपर्यंत बारा वाजले. गेट बंद."

"अगं, दगड घालायचा कुलपावर!" मी इतका ओरडलो की गेटवरची माणसं वळून बघायला लागली. "नाहीतर तिथंच टाकून पळायचं!"

तिच्या मागून माझ्या आईचा आवाज येत होता. पाहुण्यांना रविवारीच बोलवा, असं ती कुणाला तरी सांगत होती.

"तुम्ही रागावताल म्हणून," वर्षाली हळूच म्हणाली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. फोन कानाला लावून मी नुसती किल्ली मुठीत आवळत राहिलो. मी अजून चिडलोय असंच तिला वाटलं असणार.

"सायकल चांगली आहे, पप्पा," ती घाईघाईनं म्हणाली. "एक ओरखडा नाही आला."