शोभेचं अळू

हसू नका. आधीच सांगते, कारण ही गोष्ट जिथे सांगितली तिथे लोक हसले.

अळू खाऊन घसा खाजला. झालं. हसा.

आमच्या बंगालातल्या बारासातमध्ये घसा खाजणं हा आजार नाही, विनोद आहे. कच्च्या अळूचं वाटण, त्यात खोबरं, मोहरी, मिरची, वरून तेलाची धार. पहिल्याच घासाला घसा धरतो, कुणीतरी लिंबू पुढे करतं, सगळे हसतात, भात संपतो.

म्हणून त्या दुपारी माझ्या सासूने, निभाराणीने, घशाला हात लावला तेव्हा माझा नवरा सुबल हसला.

"मा, चिंच खा, चिंच! आता तुलाही अळू ओळखता येईना?"

मा :

इथे काही नाही. जीभ सुजून दातांत अडकली होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ.

"जन्मात पहिल्यांदा गप्प बसली," सुबल म्हणाला.

मी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं? अळू, म्हटलं. नर्स हसली. मग तिने माचं तोंड उघडून पाहिलं आणि ऑक्सिजन आणायला पळाली.

कुठलं अळू? दिवाणखान्यातलं.

सुबलला कोपऱ्यात काहीतरी हिरवं हवं होतं. रोपवाटिकेवाले कुंडूबाबू स्वतः कुंडी घेऊन आले. सुपाएवढी पानं, चकचकीत. एक पिवळं पान त्यांनी आमच्यासमोर कापलं. हातमोजे घालून.

मा म्हणाली, "इतकं दांडगं अळू आणि नुसतं बघत बसायचं का रे?"

"बघायचंच, माशिमा. पण आहे अळूच. घरातलंच समजा!"

घरातलंच. मा तसंच समजली. दोन देठ कापले, पाट्यावर वाटले.

ती घरी आली ती पातळ पेज गिळत, आवाजाशिवाय. ही बाई गच्चीवरून ओरडली की गल्लीच्या टोकाचा मासेवाला थांबायचा. आता चमचा ताटावर आपटते.

आणि गल्लीच्या पलीकडे बालवाडी. तिथल्या व्हरांड्यात याच कुंड्या, कुंडूबाबूंनीच लावलेल्या, मुलांच्या तोंडाच्या उंचीवर. माझी लेक पुपे तिथे जाते. ती खडू खाते. चपलेचा पट्टा खाते.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, कुंडूबाबू सांगतील तर काढू. मी कुंडूबाबूंना निरोप धाडला. ते संदेश मिठाईचा डबा घेऊन आले.

"बौदी, शोभेचं झाड कोणी खातं का?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, अळू आहे."

"अळूच्याच जातीचं. आता एखाद्याचा घसा नाजूक असतो."

"त्या कुंड्या आज उचला."

"उद्या मग सगळ्या गावातून उचलायला लावाल! माशिमांची तर काही तक्रार दिसत नाही. हो ना, माशिमा?"

मा :

"बघा. काही म्हणत नाहीत."

मी तोंड उघडलं, पण मा उठली. पदर हाताला गुंडाळून तिने त्या झाडाचं पान तोडलं. नखाएवढा तुकडा बशीत ठेवला. शेजारी त्यांच्याच डब्यातला संदेश. वर लिंबू पिळलं, पाहुण्याला पिळतात तसं. बशी त्यांच्यापुढे सरकवली.

कुंडूबाबूंचा हात झटकन मागे गेला.

"घ्या ना कुंडूदा, घरातलंच आहे," सुबल म्हणाला. सवयीने हसला. मग त्याने त्या मागे गेलेल्या हाताकडे पाहिलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"माझं जरा पोट..."

मा बशी उचलून चपला न घालता जिना उतरली. आम्ही मागे, कुंडूबाबूही. बालवाडी सुटत होती, फाटकाशी मुलांच्या आया उभ्या होत्या. तिने त्या सगळ्यांसमोर बशी परत कुंडूबाबूंपुढे धरली.

मी ओरडले, "नखाएवढं आहे! खा! तुम्ही खाल्लंत तर कुंड्या राहू देत!"

आया बघत होत्या. पुपे कुंडीशेजारी उभी होती, पानाचं टोक मुठीत. मी ते तिच्या मुठीतून सोडवलं, तिची बोटं माझ्या साडीला घासघासून पुसली.

कुंडूबाबूंनी बशीकडे पाहिलं, आयांकडे पाहिलं. मग वाकून पहिल्या कुंडीला हात घालणार, तोच थांबले. सरळ झाले. खिशात हात घातला.

हातमोजे.

खिशातच होते.