लेव्हिसनच्या पट्ट्यातली काडतुसं

मित्रांनो, घाबरू नका, या जवळ. मी एक जुनी रायफल आहे खरी, पण माझ्या पोटात आज एकही काडतूस नाही. असलंच तर कोळ्याचं जाळं असेल. लुआंग्वा नदीच्या काठी एक वनचौकी आहे. तिच्या मागच्या खोलीत, एका लोखंडी पेटीत मी पडून आहे. सोबतीला एक फाटका तंबू आहे आणि बूड गेलेली एक बादली. तंबू बोलत नाही. बादलीचं तर नावच काढू नका.

माझा जन्म इथला नव्हे. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी पोलादाची. फार लांबच्या एका कारखान्यात मला घडवलं, तेल पाजलं, कागदात गुंडाळलं आणि बोटीत चढवलं. तेव्हा मी काय सुंदर दिसत होते म्हणून सांगू! आता माझं मीच सांगायचं, दुसरं कोण सांगणार?

वनखात्याच्या भांडारात मी भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा लेव्हिसन म्बेवे मला न्यायला आला. शेतात घुसणारे हत्ती आणि माणसाच्या अंगावर येणारे रेडे यांचा बंदोबस्त करायला त्याला नेमलं होतं. अंगाने काटकुळा, बोलणं हळू. मी तर हिरमुसलेच. त्याच्यासोबत जनावराचा माग काढणारा येलेसानी होता. हा बुटका, आडवा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

माझ्या शेजारी एक दांडगी रायफल उभी होती. आम्हा रायफलींची जात नळीच्या मापावरून ठरते. मी तीनशे पंच्याहत्तर, ती चारशे अठ्ठावन्न. भांडाराचे साहेब म्हणाले, "हत्ती-रेड्यांशी गाठ आहे तुझी. मोठी घेऊन जा."

मागच्या मैदानात लेव्हिसनने तिचा एक बार काढला. तिने असा काही धक्का दिला, की गडी बुडावर बसला.

"वारूळ ढासळलं रे, वारूळ ढासळलं!" येलेसानी टाळ्या पिटत नाचायला लागला.

लेव्हिसनने अंग झटकलं, मग मला खांद्याला लावलं. बार काढला, पुन्हा काढला, आणि मला खाली ठेवलंच नाही. "साहेब, तिची गोळी जड आहे, कबूल. पण तिच्या धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या आधीच माझा डोळा मिटतो. ही लहान असली तरी हिच्यासोबत माझा डोळा उघडा राहतो."

"आणि रेडा अंगावर आला म्हणजे?"

"त्याची काळजी नको साहेब," येलेसानी म्हणाला. "मी आधीच झाडावर असेन. हा काय ते बघून घेईल."

साहेब दोघांकडे पाहतच राहिले. त्यांना वाटलं असेल, हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत. पण तसं नव्हतं. लेव्हिसन वारूळ कुळातला, येलेसानी रानडुक्कर कुळातला. डुक्कर वारूळ उकरतं, म्हणून ही दोन कुळं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची थट्टेची सोयरी. थट्टेच्या सोयऱ्याने तुमची टोपी पळवावी, ताटातला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, उचलून खावा, चारचौघांत तुमची अब्रू काढावी. तुम्ही फक्त हसायचं. त्याच्यावर रागवायचं नाही, हा नियम. मयताच्या घरी तर त्यांचा मान सगळ्यांत मोठा. खड्डा तेच खणणार आणि रडणाऱ्यांना हसवणारही तेच.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. लेव्हिसन रोज संध्याकाळी मला पुसायचा, नळीतून चिंधी ओढायचा, दस्त्याला तेल चोळायचा. गावोगावच्या बायका मला बघायला यायच्या. "हीच का ती?" म्हणायच्या. मी जरा मिरवतच होते, कशाला नाही म्हणू?

पण रायफल कितीही चांगली असली, तरी काम करते ती गोळी. येलेसानी हे गावातल्या पोरांना न्सिमाचा गोळा हातात घेऊन सांगायचा. "ही मऊ टोकाची गोळी. हिला सिंहावर मारायची. आत गेली की अशी पसरते." मग तो गोळा भिंतीवर आपटायचा आणि फालेसीची बोलणी खायचा. फालेसी म्हणजे लेव्हिसनची बायको. "आणि ही दुसरी, टणक गोळी. ही पसरत नाही, वाकत नाही. दाभण जसं चामड्यातून जातं, तशी हाडातून आरपार जाते. हत्तीच्या कपाळाचं हाड केवढं जाड! तिथे मऊ गोळी मारली, तर ती हाडावरच चपटी होणार. हत्तीला डोकेदुखी आणि तुम्हाला सद्गती!"

लेव्हिसनच्या कमरेच्या पट्ट्यात डावीकडे टणक काडतुसं असत आणि उजवीकडे मऊ. रेड्यांच्या कळपात पहिली मऊ भरायची, नाहीतर टणक गोळी एकातून निघून मागच्या दुसऱ्याला लागायची. पुढच्या सगळ्या टणक. हत्तीला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत टणकच. लेव्हिसन पट्ट्याकडे कधी बघत नसे. नजर जनावरावर आणि बोटं काडतुसावर. अंगठा टोकावरून फिरला की त्याला कळायचं, मऊ का टणक.

आता पुढचं सांगते.

येलेसानीचा काका वारला. रानडुक्कर कुळातलं मयत, तेव्हा खड्डा खणायला वारूळ कुळातले आले. लेव्हिसनही आला. मयताजवळ भरलेली बंदूक नेत नाहीत, म्हणून त्याने माझं पोट रिकामं केलं, मला आणि पट्ट्याला मारुला झाडाच्या फांदीला अडकवलं, आणि कुदळ घेतली. नदीकाठची चिकट काळी माती. खणता खणता त्याचे हात कोपरापर्यंत लडबडले.

खड्डा झाला आणि लेव्हिसन त्यातच आडवा झाला! डोळे मिटून म्हणाला, "थंडगार आहे रे. एक कोंबडी दिल्याशिवाय मी उठत नाही. म्हाताऱ्याला दुसरीकडे पुरा."

रडणारी माणसं खुदकन हसली. येलेसानी काठावर उभा राहून ओरडला, "ऊठ रे चोरा! काकाने जन्मभर वारूळवाल्यांना पोसलं, आता मेल्यावरही जागा द्यायची?"

"कोंबडी!"

"पिसंसुद्धा नाही मिळायची!"

शेवटी कोंबडी द्यावी लागलीच. येलेसानी हरला, आणि हरलेला थट्टेचा सोयरा स्वस्थ बसत नाही. लेव्हिसन कोंबडी मिरवत होता, तेवढ्यात येलेसानी हळूच झाडापाशी आला. पट्ट्याच्या डावीकडची टणक काडतुसं काढून त्याने सदऱ्याच्या खिशात घातली. रिकाम्या जागी उजवीकडची मऊ सरकवली. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "संध्याकाळी पट्टा पुसायला बसेल तेव्हा कळेल वारूळ्याला. माझी कोंबडी परत देईल, तेव्हाच काडतुसं देईन." मलाही गंमत वाटली. रोजचंच होतं ते.

आणि ओढ्याकडून किंकाळी आली.

मयताचा स्वयंपाक करायला बायका पाणी आणायला गेल्या होत्या, फालेसीही त्यांच्यात होती. पायात तारेचा फास रुतलेला, दुखण्याने पिसाळलेला एक हत्ती त्या भागात फिरत होता. तो बांबूतून बाहेर आला. बाकीच्या बायका पळाल्या. फालेसी एका पडक्या झाडामागे अडकली, आणि हत्ती सोंडेने ते झाड हलवायला लागला.

लेव्हिसनने मला ओढलं, पट्टा खांद्यावर टाकला आणि धावत सुटला. धावता धावताच डावीकडून काडतुसं काढून माझ्यात भरली. अंगठ्यावर माती वाळून खपली धरली होती. टोक कसलं आहे, हे त्याला कळलं नाही. मला कळलं हो! गोळी पोटात उतरताच मला कळलं. पण माझ्या तोंडातून एकच शब्द निघतो, तोही चाप ओढल्यावर.

मागून येलेसानी ओरडत येत होता. "थांब! लेव्हिसन, थांब! काडतुसं बघ!" पण त्याचे पाय आखूड, आणि पुढे हत्तीचा चीत्कार.

लेव्हिसनने नेम धरला. त्याचा डोळा उघडा होता, मित्रांनो. नेम इतका अचूक होता, की टणक गोळी असती तर हत्ती तिथेच बसला असता. गोळी कपाळावर लागली आणि हाडातच चपटी झाली. हत्तीने मान झटकली आणि तो आमच्याकडे वळला. पुन्हा बार. पुन्हा तेच. लेव्हिसनच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. ते मला अजून दिसतं. मग मी हवेत उडाले आणि गवतात पडले.

मला उचललं ते येलेसानीने. त्याने खिशातून टणक काडतूस काढलं, माझ्यात कोंबलं आणि चाप ओढला. हत्ती जागीच कोसळला. पण लेव्हिसन उठला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा. या वेळी वारूळ कुळातलं मयत, म्हणजे खणणारे रानडुक्कर कुळातले. येलेसानीने कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. खणून झाल्यावर तो काठावर उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सोयऱ्याने आता काहीतरी बोलावं, हसवावं, दुःख हलकं करावं.

"मीच मारलं याला!" तो ओरडला. "ऐकताय का? मी मारलं! काडतुसं मी चोरली!"

आणि लोक हसले.

काय करणार बिचारे! थट्टेचे सोयरे असंच बोलतात. "बरं झालं मेला", "आम्हीच खाल्ला" असं म्हणतात, लोक हसतात, मन मोकळं होतं. येलेसानी छाती पिटून सांगत होता आणि एक म्हातारा डोळे पुसत म्हणत होता, "वा रे डुकरा! शेवटपर्यंत सोयरीक राखलीस!" कुणीतरी त्याच्या हातात मानाची कोंबडी दिली. ती धरून तो उभाच राहिला.

त्यानंतर तो चौकीवर माझ्याशेजारी येऊन बसायचा. मला पुसायचा, पुसलेलं पुन्हा पुसायचा. ज्याला ज्याला त्याने खरं सांगितलं, त्याने हसून पाठ थोपटली. ज्यांना पटलं, तेही म्हणाले, "सोयरा आहेस. तुझ्यावर कसं रागवायचं?" आणि ज्याच्यावर कुणी रागावतच नाही, त्याला माफ तरी कोण करणार? माणसांच्या गर्दीत एवढा एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाचाळ येलेसानीचा शब्द बंद झाला. न्सिमा समोर वाळून जायचा.

एके दिवशी भर दुपारी फालेसी आली. डोक्यावर पिठाची टोपली होती. ती उतरवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्या दिवशी सगळे हसले. मी हसले नाही. त्या झाडामागून मी बघितलं, काडतूस तू पट्ट्यातून नाही काढलंस, खिशातून काढलंस. खरं होतं ना ते?"

येलेसानीने खिशात हात घातला. उरलेली टणक काडतुसं तिच्यापुढे धरली. "वहिनी, कोंबडीसाठी..."

फालेसीने ती टोपली उचलून त्याच्या अंगावर फेकली. पांढऱ्या पिठाने तो माखला. "मेल्या! मुडद्या! कोंबडीसाठी? एका कोंबडीसाठी माझं घर उठवलंस? ते लोक असतील तुझे सोयरे! मी वारूळ कुळातली नाही, मी पाऊस कुळातली आहे. माझी आणि तुझी कसली थट्टा नाही. मी तुझ्यावर रागावणार! आज रागावणार, उद्या रागावणार, मरेपर्यंत रागावणार!"

ती बोलत राहिली, रडत राहिली, त्याच्या पाठीवर बुक्के मारत राहिली. आणि येलेसानी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, हमसून हमसून रडला. तो मान खाली घालून म्हणत होता, "बोल वहिनी. अजून बोल."

दमल्यावर ती खाली बसली. पदरासारखं घेतलेलं चितेंगेचं छापील कापड तोंडावरून फिरवलं. "माझ्या छपराचं गवत कुजलंय. उद्या येऊन शाकारून दे. आणि हसायचं नाही."

"नाही हसणार."

मग तिची नजर माझ्यावर गेली. मला वाटलं, आता मला आपटते. "आणि तू गं? त्याच्या खांद्याला रात्रंदिवस टेकून असायचीस ना? तुला नाही कळलं पोटात काय घातलंय ते? नुसती ठोंब्यासारखी गप्प राहिलीस!" एवढं बोलली, आणि त्याच चितेंगेच्या टोकाने माझ्या दस्त्यावरचं पीठ पुसलं. सावकाश, कोपरा न् कोपरा. लेव्हिसन पुसायचा तसं.

येलेसानी दरवर्षी तिचं छप्पर शाकारायला गेला. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. बोलणी मात्र दरवर्षी दिली, आणि बोलणी देऊन झाली की जेवायलाही वाढलं. तिथून परतताना तो चौकीवर थांबायचा, मला तेल द्यायचा. पुढे नव्या रायफली आल्या आणि मला पेटीत टाकलं. तरी म्हातारा येलेसानी पहारेकऱ्याच्या हातापाया पडून झाकण उघडायचा. "आज फार बोलली गं ती," असं मला समाधानाने सांगायचा. गेले दोन पावसाळे तो आलेला नाही. का आला नाही, हे मला कुणी सांगत नाही. बोल्टवर गंज चढलाय. लेव्हिसनच्या गालाने गुळगुळीत झालेल्या जागी वाळवी लागलीय.

मित्रांनो, मला पुन्हा रानात न्या, असं मी म्हणत नाही. माझ्या तोंडचा तो शब्द कुणालाही न ऐकावा लागला तर बरंच. पण आपल्या घरातली वस्तू असो की माणूस, चुकलं तर त्याला खुशाल रागवा. तोंडभर बोला, हवं तर पीठ फेका. नुसतं हसून पाठ थोपटू नका, आणि पेटीत घालून झाकण लावू नका. आणि कधी इकडे आलातच, तर एक चिंधी आणि तेलाचा थेंब घेऊन या. नसलं तेल, तरी या. झाकण उघडा आणि मला म्हणा, "तू गं? ठोंब्यासारखी गप्प का राहिलीस?" मला तेवढं पुरे आहे.