दोष नसलेला बदल

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या नव्या आवृत्तीत डिस्कवरून वाचण्याचा वेग घसरला होता आणि त्यामागचा दोष शोधण्याचे काम कंपनीने गंधालीकडे सोपवले होते. परतूरच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, ती ते करत होती. जुनी आवृत्ती वेगवान, नवी संथ, आणि दोहोंच्या मध्ये शेकडो बदल. मधल्या बदलापर्यंतचा कर्नल लॅपटॉपवर चढवायचा, वाचन डिस्कवरूनच व्हावे म्हणून आधी वाचलेले मेमरीतून पुसायचे आणि मोठी फाइल वाचून वेग मोजायचा. वाचन संथ निघाले तर दोष आधीच्या अर्ध्यात, वेगवान निघाले तर नंतरच्या. असे निम्मे निम्मे करत त्या संध्याकाळी शोध एका बदलापाशी थांबला. बदल लिहिणाऱ्याचे नाव होते शौनक.

पुण्यात दोघे शेजारी बसून काम करत. मग गंधालीच्या वडिलांना, वामनरावांना, अर्धांगवायूचा झटका आला, ती त्यांच्यासाठी परतूरला परतली आणि शौनक जर्मनीला गेला. भांडण झाले नव्हते. फोन विरळ होत गेले, आणि पुढे कोणत्या निमित्ताने करावा हेच दोघांना सुचेनासे झाले. आता निमित्त मिळाले होते. दोष सापडला की बदल लिहिणाऱ्याला नावानिशी कळवायचे आणि त्याने उत्तर द्यायचे, असा या कामातला रिवाज होता.

"आई, सापडला!"

"काय गं, माझा चष्मा?" रजनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"न्हाई गं, दोष. शौनकच्या कामात निघाला."

"मी म्हणतच होते, त्या पोरात एखादा दोष असणारच."

"पण पोरगी बघ कशी हसून राह्यली," वामनराव कॉटवरून म्हणाले. "दुसऱ्याची चूक सापडल्यावर इतका आनंद कुणाला होतो?"

"बाबा!"

गंधाली लॅपटॉपवर शौनकला पत्र लिहू लागली. मोजमापांच्या आधी एक ओळ हवी होती; 'नमस्कार' फार परका वाटत होता आणि 'कसा आहेस' फार जवळचे.

"लिहिणं झालं की बादलीतलं पाणी बेतानं वापर," रजनीबाई म्हणाल्या. "दुपारभर लाइट गेल्ती, मोटर लावायची राह्यली."

"दुपारी? पंखा तर चालू होता."

"पंखा इन्व्हर्टरवर आहे. तुझ्या टेबलाचं सॉकेट कुठं त्याच्यावर?"

गंधालीचे हात थांबले. शौनकच्या बदलाची चाचणी तिने दुपारीच घेतली होती. त्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, आणि बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी तो डिस्कही संथ करत असे. मेमरी तिने दर वेळी काळजीपूर्वक पुसली होती. वीज आहे की नाही, हे मात्र पाहिले नव्हते.

आता पत्र पाठवावे आणि उद्या माफी मागावी, असे तिला क्षणभर वाटले. त्याचे उत्तर आले असते. कदाचित चिडवणारेही, जसे पूर्वी चिडवायचा तसे. पण तोवर तो आपल्या कामात नसलेली चूक शोधत बसला असता. तिने पत्र पुसले.

सकाळी वीज होती. शौनकचा बदल असलेला कर्नल तिने पुन्हा तपासला. वाचन वेगवान निघाले. तिथून शोध पुढे सरकला आणि एका अनोळखी माणसाच्या बदलापाशी संपला. तिने त्याला रीतसर कळवले. मग एक कोरे पत्र उघडून शौनकचे नाव घातले.

'काल संध्याकाळी मी तुझा बदल दोषी धरला होता. तो दोषी नाही. इथे लाइट गेली होती, माझ्या लक्षात आले नाही. बाबा आता भिंतीच्या आधाराने दारापर्यंत चालतात. तू कसा आहेस?'

"अजून काय लिहून राह्यलीस?" वामनरावांनी विचारले. "काम झालं ना?"

"झालं. हे दुसरं आहे. हे कामासाठी न्हाई."

"मंग कालच्यासारखं पुसू नको. पाठव."

तिने पाठवले. रजनीबाईंनी जेवायला हाक मारली तशी ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. पण उत्तर येईल या आशेने टेबलापासून तिचा पाय निघेना.