एका चुकीचा पेंटर

जयमालाला चुका दिसत. आता चुका सगळ्यांनाच दिसतात, विशेषतः दुसऱ्याच्या, पण जयमालाचं दिसणं जरा जादाच होतं. नांदुऱ्याच्या एका छापखान्यात ती वीस वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवत आलेली. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार गळला तर वरमाय कशी अंगावर येते, ते तिनं भोगलेलं. बोलायला लागली की ठसठशीत वऱ्हाडी, पण लिहिताना कोणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की बाईचं डोकं उठायचं. नवरा गोकुळ मोटारसायकलवर पुढे, ही मागे. पाठीवर दोन टिचक्या बसल्या की त्यानं ब्रेक दाबायचा, एवढंच त्याचं काम. ही उतरून पाटीचा फोटो काढी अन् तो भर रस्त्यात गाडी धरून लोकांच्या शिव्या खाई.

सहा वर्षांपूर्वी, लग्नसराई सरल्यावर हाताला काम नव्हतं तेव्हा, तिनं स्वतःची वेबसाइट काढली. कोणाला विचारलं नाही. दुपारी छापखान्यातला कॉम्प्युटर रिकामा असे, खटपट करता करता जमलं. नाव ठेवलं 'चुकलंमाकलं'. एकेका पाटीचा फोटो, खाली शुद्ध रूप, त्याखाली एक टोमणा. 'शितल रसवंती' दिसली की लिहायची, 'रस थंड आहे, पण शीतल नाही.' टोमणे मारण्यात बाईचा हात कोण धरणार! पुण्या-नागपूरकडचे मास्तर लोक वाचत, हसत, आपल्याकडचे फोटो पाठवत. एक नियम मात्र ती पाळायची. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असे, ते फोटोतून कापून टाकायची. गरिबाची बदनामी नको, एवढी माणुसकी आपल्यात आहे, असं तिला वाटायचं.

यंदा साइटवर पाचशे फोटो झाले म्हणून ती ते तालुक्याप्रमाणे लावायला बसली आणि एका 'ळ'पाशी अडली. हा ळ तिनं आधी कुठंतरी पाहिला होता. पहिला गोल लहान, दुसरा मोठा, आणि शेवट किंचित वर उचललेला, बाईनं उठता उठता पदर सावरावा तसा. ती मागे गेली. दुसऱ्या पाटीवर तोच ळ. तिसऱ्यावर तोच. तीन दुपारी चाळून चाळून तिनं एका हाताच्या एक्केचाळीस पाट्या बाजूला काढल्या, जळगाव जामोदपासून थेट खामगावपर्यंतच्या.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली आणि ती खुर्चीत सरळ झाली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पाट्यांवर चूक एकच होती. कुठंच दोन नाहीत. ज्याला येत नाही तो दहा चुका करतो, ज्याला येतं तो एकही करत नाही, मग हा कोणता प्रकार? 'आशीर्वाद वस्त्रभांडार' अगदी बिनचूक, अन् खाली 'नविन माल'. 'ज्येष्ठ' बरोबर, पुढचा 'नागरीक' चुकलेला. आणि सगळ्यावर कडी म्हणजे 'उज्ज्वल दुध डेअरी'. उज्ज्वल! दोन ज अन् खाली व, भल्याभल्या हेडमास्तरांची बोबडी वळते तिथं. ते या गड्यानं झोकात लिहिलं होतं आणि घरोघरच्या दुधाला ऱ्हस्व उकार दिला होता.

घरी गेल्या गेल्या तिनं हे गोकुळला सांगितलं. गोकुळ म्हणाला, दुधाची घाई असन त्याले, नासलं असतं. जयमाला हसली नाही. ती त्या दिवशी भाजीत मीठ टाकायलाही विसरली.

तिला खाऊन राहिलं होतं ते असं. हा माणूस अडाणी असेल तर प्रश्नच मिटला, सहा वर्षं चाललंय ते चालू द्या. पण त्याला सगळं येत असेल आणि तो मुद्दाम एक चूक करत असेल, तर मग शहाणं कोण अन् येडं कोण? तर मग सहा वर्षं जगाला हसवलं ते आपण आपल्याच अडाणीपणावर. हे कळल्याशिवाय तिला साइटवर एक ओळही लिहवेना. लोकांनी विचारलं, ताई, नवी पाटी कधी?

पेंटरला शोधावं, तर त्याचं नाव तिनंच कापलेलं, तेही न वाचता. मूळ फोटो फोनमधून केव्हाच उडवलेले. माणुसकी अशी आडवी आली. शेवटी दोघं नवरा-बायको रविवारी एकेक पाटी शोधत निघाले, आणि पाट्या काही जागेवर नव्हत्या. वस्त्रभांडारावर मालकाच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स. गिरणीवर फ्लेक्स. ज्येष्ठ नागरिकांच्या पाटीवर कोणीतरी पांढऱ्या रंगाची ढेप थापून दुरुस्ती केलेली, त्यात कोपरासुद्धा गेला. जयमाला चरफडली. उज्ज्वल डेअरीचे रामराव मात्र दुकानात होते. तिनं पाटीचं विचारताच ते उसळले. म्हणाले, कोन्या बाईनं इंटरनेटवर टाकली म्हने, सोयरे फोन करू करू हासले, मंग काय ठेवता, काढून टाकली.

ती बाई मीच, हे सांगायला जयमालाची जीभ उचलेना. गोकुळनं सांगितलं. रामराव तिच्याकडे बघतच राहिले. मग आत गेले आणि कडब्यामागून पत्र्याची पाटी ओढून आणली. धूळ पुसली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, सावलीसकट, कालच लिहिल्यासारखी. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उद्धव पेंटर, संग्रामपूर'.

रामरावांनी जाता जाता एक सांगितलं. पाटी आली तेव्हाच त्यांना दूध खटकलं होतं, त्यांनी पेंटरला म्हटलंही. पेंटर म्हणाला होता, राहू द्या, ते तसंच बरं हाये.

संग्रामपुरात उद्धव पेंटरांचं घर लहान पोरानंही दाखवलं असतं. सत्तरी उलटलेला माणूस, पांढरा सदरा, नखांत रंग. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम सुटलं, आता नांगराला, ट्रॉलीला नावं टाकायची, तेवढंच. त्यांची बायको शकुंतलाबाई गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. त्यांनी चहा ठेवला. जयमालानं चहा येईपर्यंतही धीर धरला नाही. एवढं सगळं शुद्ध लिहिता, मग प्रत्येक पाटीवर एक चूक काऊन, म्हणून तिनं थेट विचारलं.

उद्धवकाका आधी दचकले. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, चाळीस वर्षांत हे कोनी नाही विचारलं. दुकानदार विचारत, चूक काऊन झाली. एकच काऊन झाली, हे कोनी नाही.

"लेकराले तीट लावता का नाही, बाई?" ते म्हणाले. "गालावर काळं बोट लावता, ते काय चुकून लागते? नवं दुकान, नवी पाटी, येनारा-जानारा पाहून राह्यला. दृष्ट लागाची भीती असते. म्हनून एक अक्षर बिघडवाचं. पाहनाऱ्याची नजर तिथंच अटकते अन् दुकान सुटते."

आणि ही तीट कुठं लावायची ते शकुंतलाबाई ठरवत. शाळेत काना-मात्रेसाठी पोरांच्या हातावर छडी मारणारी बाई घरी येऊन पाटीसमोर बसायची आणि म्हणायची, उज्ज्वलले हात लावू नका, ते मेहनतीचं हाये, दूध बिघडवा. दोघं सांगता सांगता एकमेकांकडे बघून हसायला लागली. जयमालाला आपल्याला शोध लागल्याचा एवढा आनंद झाला की ती क्षणभर विसरूनच गेली, आपण कोण आहोत ते.

पण लपवून ठेवण्यातली ती नव्हती. तिनं फोन काढला, साइट उघडली आणि तो शकुंतलाबाईंच्या हातात दिला. सांगितलं, हे माझं हाये, काकू, अन् यात तुमच्या एक्केचाळीस पाट्या हायेत.

शकुंतलाबाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या, मोठ्यानं, वर्गात धडा वाचावा तशा, शब्द न् शब्द स्वच्छ. "दुधात पाणी घालतात हे ऐकलं होतं. या गवळ्यानं ऱ्हस्व उकारही घातला." पुढची पाटी. "ज्येष्ठ झाले तरी नागरिक व्हायचे राहिलेच." पुढची. छापखान्यात बसून लिहिताना जे टोमणे खुसखुशीत वाटले होते, ते त्या घरात ऐकताना जयमालाला जागेवर बसवेना. गोकुळ उगाच चहाच्या कपात बघत राहिला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचून झाल्या. मग उद्धवकाकांनी फोन घेतला आणि ते फोटो मोठे करून करून पाहू लागले.

"फोटोत अक्षर चांगलं आलं," ते शेवटी म्हणाले. एवढंच.

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जयमालानं माफी मागितली, ते म्हणाले, त्यात काय. तिला ते 'त्यात काय' पचेना. काहीतरी करावं म्हणून तिनं विचारलं, माझ्या साइटसाठी एक पाटी लिहून देता का, सगळ्यात वर तिचाच फोटो लावीन, तुमच्या नावासकट. उद्धवकाकांनी मजकूर कागदावर लिहून घेतला. पत्रा घरात आहे म्हणाले.

दहा दिवसांनी गोकुळ पाटी घेऊन आला. काय पाटी होती! हिरव्या जमिनीवर पांढरं 'चुकलंमाकलं', खाली 'नांदुरा व आसपासच्या पाट्यांचा संग्रह', त्याखाली 'संग्राहक : सौ. जयमाला', आणि कोपऱ्यात त्यांचं नाव. तो ळ तर असा उचलला होता की जयमालानं त्यावरून बोट फिरवलं. मग ती तीट शोधायला बसली.

संग्रहावरचा अनुस्वार ठीक. आसपास ठीक. संग्राहकचा 'ग्रा' ठीक. तिनं अक्षरं उलटी वाचली, मागून पुढे वाचली. शब्दकोश काढला. गोकुळला म्हटलं, तुमी पाहा, अनाडी डोळ्याले लवकर दिसते. गोकुळनंही पाहिलं. नाव तरी चुकवलं असेल म्हणून तिनं आपलंच नाव चार वेळा लिहून बघितलं. पाटीत चूक नव्हतीच. तिला वाटलं, एवढी बारीक जागा शोधली म्हणजे शकुंतलाबाईंची कमालच. न राहवून तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच संग्रामपूरला फोन लावला आणि हार मानली. विचारलं, काका, तीट कुठं लावली ते आता तुमीच सांगा.

"नाही लावली," उद्धवकाका म्हणाले.

तिनं विचारलं, काऊन?

मग ते बोलले, रागानं नाही, गिऱ्हाइकाला रंगाचं सांगावं तसं. "दृष्ट चांगल्याले लागते, बाई. तुमचं सारं वाचलं आमी दोघांनी, पाचशेच्या पाचशे. त्यात कोनाचं चांगलं म्हनलेलं काही सापडलं नाही. मंग दृष्ट कायले लागन? काही चांगलं मांडलं की पाटी घेऊन या. एक बोट लावून देतो, पैसे नाही घेत."

जयमालानं 'हाव' म्हटलं आणि फोन ठेवला. गोकुळनं विचारलं, कुठं होती चूक? ती पाठ फिरवून आत गेली. तिला रडू आलं होतं, आणि गोकुळसमोर रडायची तिला सवय नव्हती.

दुपारी छापखान्यात तिनं साइट उघडली. एक्केचाळीसमधली पहिली पाटी घेतली, खालचा टोमणा पुसला, शुद्ध रूपही पुसलं. तिथं लिहिलं, 'अक्षर : उद्धव पेंटर, संग्रामपूर'. त्याखाली अक्षराबद्दल दोन ओळी लिहाव्यात म्हणून तिनं कीबोर्डवर हात ठेवले, आणि काहीच सुचेना. तो एक ळ सोडला तर सहा वर्षांत तिनं या पाट्यांची अक्षरं कधी पाहिलीच नव्हती. मग तिनं फोटो पडदाभर मोठा केला आणि डावीकडच्या पहिल्या अक्षरापासून पाहायला लागली.