चार ठोक्यांची जागा

कानाच्या तपासणीच्या खोलीत शिरलेला माणूस आधी बावरतो. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची कड, आणि दार लागलं की इतकी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा. मेहकरच्या दवाखान्यात ओवी सहा वर्षांपासून लोकांना या खोलीत बसवत होती. हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, 'अगदी बारीक आवाज आला तरी दाबा' असं सांगायचं, आणि काचेअलीकडे बसून कागदावर खुणा करत जायचं. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. खुणा वर राहिल्या तर कान चांगला. जितक्या खाली घसरतील तितका गेलेला.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी यादीत पुढचं नाव विहंगचं आलं. गाव लोणार. ओवीनं मान वर केली तर तो दारातच उभा होता, मागे त्याची बायको सुवर्णा.

"ओवी? तू इथं काय करून राह्यली?" त्याचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला.

"हळू बोला ना, दवाखाना हाय," सुवर्णा म्हणाली आणि ओवीकडे वळली. "घरी असंच चालते. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारीण मालिका आमच्याच घरची ऐकते. तिचं लाइट बिल वाचते."

ओवी हसली आणि सात वर्षांनी समोर आलेल्या माणसाला तिनं खुर्ची दाखवली. "बस," एवढंच ती म्हणाली.

"गोपालचा फोन आला होता," विहंग बसता बसता म्हणाला. "नवरात्रात डोणगावले कार्यक्रम ठेवून राह्यला. तिघांचा. म्हटलं, आधी कान पाहून घ्यावा. वाजवता येते का नाही ते कळन तरी."

दार लागलं. उजव्या कानाचे गोल थोडेसे खाली उतरले, पण ओळ धरून राहिले. मग डावा. पहिल्या दोन फुल्या ठीक. तिसऱ्या सुरापासून ओवी आवाज वाढवत गेली, वाढवत गेली, आणि काचेपलीकडे विहंग बटणावर अंगठा ठेवून शांत बसून राहिला. त्याचे डोळे मिटलेले होते. त्याला वाटत होतं, पुढचा सूर अजून सोडलेलाच नाही.

ओवीनं त्या फुल्या काढल्या तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कागद नव्हता. टिनाची भिंत होती, आणि त्या भिंतीवरचा भोंगा.

बारा वर्षांपूर्वी डोणगावात त्या तिघांचा बँड सुरू झाला होता. नाव 'खारं तळं', कारण विहंग लोणारचा, आणि गोपालच्या मते तळ्याइतकं जुनं नाव दुसऱ्या कुठल्या बँडला मिळणार नव्हतं. गोपाल गिटार वाजवायचा आणि गायचा, ओवी बेस गिटार, विहंग ड्रम. तालमीला जागा म्हणजे गोपालचे वडील शंकरराव यांचं धान्याचं गोदाम. तूर विकली गेली की ते मोकळं व्हायचं आणि सोयाबीन येईपर्यंत यांचं असायचं. मोकळ्या गोदामात ड्रमचा एक ठोका तीनदा ऐकू यायचा, आणि त्या घुमण्यात विहंगची लय सुटायची. लय धरायला लावलेली मोबाइलवरची टिकटिक हेडफोनमधून पुरेना.

उपाय ओवीनं काढला. ती तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भौतिकशास्त्र. टाळ्या वाजवून, मोबाइलवर वेळ मोजून तिनं सगळं गोदाम तपासलं आणि कमीत कमी घुमणारा कोपरा शोधला. शंकररावांनी हमालांना पुकारण्यासाठी अंगणात लावलेला भोंगा तिनं त्या कोपऱ्यात ठोकला, टिकटिक त्यातून सोडली आणि विहंगला त्याच्या शेजारी बसवलं. भोंग्याचं तोंड त्याच्या डाव्या कानाकडे. वहीत लिहिलं: अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर, लयीची चूक शून्य. आवाज किती मोठा, ते मात्र तिनं कधी मोजलं नाही.

चार वर्षं तो भोंगा विहंगच्या कानाशी वाजत राहिला, आणि चार वर्षं बँड चढत गेला. कॉलेजची स्नेहसंमेलनं, मग बुलढाणा, अकोला, अमरावती. 'विनंती थांबा' हे त्यांचं गाणं पोरांच्या तोंडी बसलं. फाट्यावर उभ्या राहिलेल्या आणि एसटी न थांबलेल्या माणसाचं गाणं. त्याच्या मधोमध तिघंही एकदम थांबायचे, चार ठोके काही म्हणजे काही वाजायचं नाही, आणि पाचव्यावर विहंग एकटा असा तुटून पडायचा की लोक उभे राहायचे.

पुण्याच्या कार्यक्रमात तो पाचव्यावर आला नाही, सातव्यावर आला. दुसऱ्या गाण्यातही गोपालनं हाक मारली तर यानं मान वळवली नाही. पडद्यामागे आयोजकांची माणसं उभी असताना गोपाल म्हणाला, "तुले ऐकू येते का बे, का नुसता मिजास दाखवाले बसला तिथं?" विहंग त्याच्याकडे बघत राहिला. मग काड्या ड्रमवर ठेवून निघून गेला. ओवी शेजारी होती. तिला गोपालचंच खरं वाटलं होतं. विहंग अलीकडे चढेल झाला आहे, बोललेलं कानावर घेत नाही, असं तीच गोपालला म्हणाली होती.

त्यानंतर बँड उरला नाही. गोपाल पुण्यात एकटा गायला. तिथं त्याला सांगण्यात आलं की गाणं झकास आहे, फक्त मधे मधे तुमच्या बोलीत बोलू नका. शंकररावांचे गुडघे गेल्यावर तो गोदाम सांभाळायला परत आला. विहंगनं लोणारला रोपवाटिका टाकली. ओवीनं कानाच्या तपासणीचा कोर्स केला. त्यात मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाचा आलेख कसा दिसतो, हे तिनं पहिल्याच महिन्यात शिकून घेतलं. तरी भोंग्याची आठवण तिला त्या सोमवारपर्यंत झाली नव्हती.

डॉक्टरांनी विहंगला समोर बसवून सांगितलं. गेलेलं परत येत नाही. डावा सांभाळण्यासारखा उरला नाही, उजवा सांभाळा. ड्रम नकोच. अगदी एखाद्या वेळी वाजवायचंच असेल तर उजव्या कानात बुच घट्ट बसवून.

"म्हणजे एक डाव चालते," विहंग मोठ्यानं म्हणाला.

त्या आठवड्यात ओवीनं दोनदा गोपालला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. रविवारी ती लोणारच्या गाडीत बसली.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली विहंग ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकत होता. एका खळग्यात एक दाणा. ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि भोंग्याचं सगळं सांगून टाकलं. अंतर, वही, न मोजलेला आवाज. मध्ये त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा तिला शंका आली.

"ऐकू आलं का?"

"आलं ना." त्यानं आणखी चार दाणे टाकले. "मी तुले म्हटलं होतं तवा. डाव्या कानात शिट्टी वाजते, रात्रभर जात नाही. तुले आठवते तू काय म्हटलं?"

ओवीला आठवत नव्हतं.

"कापूस लाव म्हटलं होतं. उजव्यात. म्हणे ड्रमचा आवाज तिकून कमी येईन आन् टिकटिक डाव्यात साफ ऐकू येईन. चार वर्ष कापूस लावला मी." तो हसला. "म्हणजे उजवा तुयामुळंच वाचला म्हण."

ओवीनं विचारलं, "मंग पुण्याले सांगितलं काऊन नाही?"

"मलेच कुठं माहीत होतं? मले वाटे तुमी दोघं माह्यापासून काही लपवता. जवा पाहो तवा खुसुरफुसुर. मले पाहून हळू बोलता, असंच वाटे." त्यानं ट्रेवर माती सारखी केली. "तुमी तर नेहमीसारखेच बोलत असान."

ओवी म्हणाली, "नको वाजवू विहंग. मी गोपालले सांगतो."

"त्याले भोंग्याचं सांग. ते तूच सांग. वाजवाचं मी पायतो." मग दुसरा ट्रे ओढत म्हणाला, "एक डाव. त्या गाण्यातली ती जागा मले नीट पाहिजे. सात वर्ष झाले, ते दोन ठोके डोक्यातून जात नाहीत."

गोपालला तिनं गोदामातच सांगितलं. सोयाबीनची पहिली पोती येऊन पडली होती. तो एका पोत्यावर बसला. भोंगा अजून कोपऱ्यातच होता, त्यावर धूळ.

"मी काय म्हटलं होतं त्याले पुण्याले?" त्यानं विचारलं. त्याला पाठ होतं, हे ओवीला माहीत होतं. गोपाल उठला, पक्कड घेऊन आला आणि गंजलेले खिळे एकेक करून काढू लागला. तिसरा निघेना. तो तसाच भिंतीशी उभा राहिला, पक्कड खिळ्यात अडकवून, पाठ तिच्याकडे करून. मग म्हणाला, "तो येईन ना?"

तालमी पाच झाल्या. विहंग कानात बुच घालून यायचा, म्हणजे त्याला जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. ड्रमचे हादरे हाताला लागत तेवढेच. ओवी त्याच्या समोर उभी राहायची. ठरलं असं, की शांततेचे चार ठोके तिनं मोजायचे आणि पाचव्याला बेस गिटारची मान उचलायची. पाचही दिवस तो अचूक आला. गोपाल आणि तो एकमेकांशी 'पाणी दे', 'वायर सरकव' एवढंच बोलले. माफीचं कुणी काढलं नाही. पण गोपाल काही सांगायचं झालं की आता फेरी मारून त्याच्या उजव्या बाजूला जायचा, आणि आधी खांद्याला हात लावायचा.

अष्टमीला बाजाराच्या मैदानावर चारेकशे लोक जमले. पुढे सुवर्णा बसली होती, शेजारी खुर्चीवर शंकरराव. पहिली चार गाणी निघाली. विहंगचे हात पूर्वीसारखेच चालत होते, आणि ओवीला वाटलं, आलेखावर काहीही असो, हा माणूस अजून तोच आहे.

मग 'विनंती थांबा'. मध्यावर तिघं थांबले. मैदान गप्प झालं.

एक. दोन. तीन. चार. ओवीनं गिटारची मान उचलली.

विहंगचे डोळे मिटलेले होते. जुन्या दिवसांत या जागेला तो असेच मिटायचा, हे ती विसरली होती. भोंग्याची टिकटिक ऐकायला डोळे लागत नसत. चेहरा वर केलेला, काड्या हवेत, आणि ओठ जरासे हलत होते; तो आत मोजत होता, त्याच्या त्याच्या लयीत, टिकटिकीशिवाय.

सहा. सात. गोपालनं वळून पाहिलं. ओवी दोन पावलं गेली असती तर तिचा हात त्याच्या गुडघ्याला लागला असता. ती जागची हलली नाही. गोपालनंही गिटारवरचा हात काढून खाली सोडला. आठ. नऊ. लोकांना वाटलं, गाणंच असं आहे. दूर खेळणीवाल्याची पिपाणी एकदा वाजून बंद पडली. दहा. अकरा.

बाराव्याला विहंग तुटून पडला. बरोबर वेळेवर पोचलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. मग बाकी दोघं त्याच्या मागून आत शिरले.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागे त्यानं कानातलं बुच काढलं आणि तळहातावर धरलं.

"घड्याळासारखा आला बे," गोपाल म्हणाला.

विहंगनं ओवीकडे पाहिलं. "किती?"

रुग्णाला आकडा सांगायचा नसतो. तो डॉक्टर सांगतात. ओवी म्हणाली, "सात जास्त."

त्यानं मान हलवली. काड्या एका हातात गोळा केल्या, आता त्या लागणार नसल्यासारख्या. "आन् तवापर्यंत तुमी?"

गोपाल त्याच्या उजव्या बाजूला गेला, खांद्याला हात लावला आणि वाकून हळू बोलला.

"थांबलो होतो."