लाल बटण मी दाबलं नव्हतं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर तीन महिने एक खोटा आळ होता. मी शिकवणीच्या कॅसेटी खाल्ल्या म्हणे! काय खाल्ल्या, कुणी खाल्ल्या, ते आता ऐकाच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. मला कळायला लागलं ते टोकावड्याजवळच्या एका वाडीत, धोंडूबाईच्या घरी. तिचा मुलगा भगीरथ माळशेजच्या रस्त्यावर एका ढाब्यात कामाला होता. त्यानेच मला मुरबाडच्या बाजारातून जुना म्हणून आणलं. चार जाडे सेल घातले की मी खणखणीत गायचो. सेल उतरले की कौलांवर उन्हात वाळत टाकायचे, की आणखी दोन दिवस जायचे.

अठ्ठ्याण्णव साल लागायच्या आधीची गोष्ट. धोंडूबाई मोहाच्या झाडावरून पडली आणि पाय कायमचा अधू झाला. घरचं सगळं तिच्या मुलीवर, कमळवर आलं. नववीनंतर तिची शाळा सुटली. शाळेच्या रुपाबाईंना मात्र हे पटेना. त्यांनी कमळचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, म्हणजे घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते तो. बाकीचे विषय पुस्तकावरून होतील, पण शास्त्र कसं होणार? म्हणून बाईंनी शास्त्राचे धडे आपल्या आवाजात तीन कॅसेटींवर भरून पाठवले.

काय सांगू, ते माझे वैभवाचे दिवस होते! कमळ भाकऱ्या थापता थापता ऐकायची. हात पिठाचे, म्हणून बटणं धोंडूबाई दाबायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कुठे थांबवायचं नि कुठे मागे न्यायचं ते तिला अचूक कळायचं. एखादा धडा संपला की ती लेकीला विचारायची, बाई काय म्हणाली ते मला सांग. पटेल असं सांगितल्याशिवाय पुढचं बटण दाबायची नाही. पानं उन्हात आपला सैपाक करतात हे ऐकून तर ती दिवसभर हसत होती. मला ती म्हातारी फार आवडायची.

भगीरथचं मात्र दुखणं वेगळं. तो स्वतः दहावीला दोनदा गटांगळी खाल्लेला. ढाब्यावरचे ड्रायव्हर त्याला चिडवायचे, की बहीण पास झाली की तिला साहेबीण म्हणून सलाम ठोकशील. तो हसायचा, पण घरी आला की माझ्याकडे डोळे वटारून बघायचा.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. शेजारच्या वाळू नावाच्या पोराच्या हळदीत गाणी भरायची म्हणून भगीरथ मला घेऊन गेला. बाईंच्या तिन्ही कॅसेटीही बरोबर घेतल्या. आता नीट ऐका. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की माझं आवाज भरायचं लाल बटण खाली बसतच नाही. बाईंनी ते मुद्दाम मोडले होते. भगीरथने बिडीच्या बंडलाचा कागद फाडला, बोळे केले आणि त्या भोकांत कोंबले. एकदा नाही, तिन्ही कॅसेटींना. हे चुकून होतं का हो? आणि वर माझ्याच हातून बाईंचा आवाज पुसून घेतला. मला ओरडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाईने कॅसेट लावली, तर आत हळदीची गाणी. तिन्हीत तेच. कमळच्या हातावरचं पीठ वाळून गेलं. भगीरथ म्हणाला की मशीनच भिकार आहे, लाल बटण ढिलं झालंय, आपोआप बसतंय. कमळ हात धुवायला बाहेर गेली, तेव्हा धोंडूबाईने कॅसेट बाहेर काढली. तिच्या बोटाला कागद लागला. तिने मुलाकडे पाहिलं, तिन्ही कॅसेटींतले बोळे काढले आणि चुलीत टाकले. भावाबहिणीत वाकडं नको, एवढंच तिच्या मनात असेल. पण आळ माझ्यावर आला. धोंडूबाईने मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकायला दिलं. ज्या हाताने रोज माझी धूळ पुसली, त्याच हाताने!

जूनमध्ये निकाल लागला. कमळ बाकी सगळ्यात पास, शास्त्रात सहा मार्कांनी नापास. भगीरथने मला खाली ओढलं आणि म्हणाला, हे डबडं ओढ्यात फेकतो.

तेव्हा धोंडूबाईच्याने राहवलं नाही. "ठेव त्याला खाली," ती म्हणाली. "त्यानं काय नाय केलं. कागद तू कोंबलास, नि मी तो जाळला."

कमळने भावाकडे पाहिलंही नाही. आईकडे बघत ती हळूच म्हणाली, "दादाचं जाऊ दे गो, आये. तू तं माज्यासंगं शिकत व्हतीस."

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसा, सेल उतरले की काढून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण घरी शिकणाऱ्या लेकराजवळ बसलात, तर त्याच्याशी खोटेपणा करू नका, मग तो घर सांभाळायला का असेना. यंत्र काय, दुरुस्त करता येतं.

कमळने ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा दिली. पडवीत बसून, आईकडे पाठ फिरवून, एकटीने अभ्यास केला. ती पास झाली. धोंडूबाईला ते तीन दिवसांनी कळलं, दळण घेऊन आलेल्या शेजारणीकडून.