बटणांच्या डब्यातली चिठ्ठी

बटणांच्या जुन्या डब्यात या घरातल्या प्रार्थना राहत. ज्याला जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकाने दुसऱ्याची एक चिठ्ठी उचलून तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि ती परत डब्यात ठेवायची, असा आईचा नेम.

धाकटीचे प्रश्न कधी संपत नसत, म्हणून बाबा तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणत. पाच दिवस झाले तरी तिची चिठ्ठी कुणाच्याच हाती लागेना, तेव्हा तिने डबा टेबलावर उपडा केला. बाकी सगळ्या होत्या. तिची तेवढी गायब.

“बाबा, देव चिठ्ठ्या नेतो का हो?”

बाबा कुलपं दुरुस्त करायचे. तोंडातला खिळा काढून म्हणाले, “त्याला इथलंच सगळं ऐकू येतं. न्यायची काय गरज?”

“मग चोर?”

“चोराला काय करायचीय तुझी प्रार्थना?”

हे मात्र खरं होतं. तिने लिहिलं होतं, ‘आत्याचा आवाज परत दे.’ घशाच्या ऑपरेशननंतर आत्या नुसते ओठ हलवायची. आधी घरातली सगळी गाणी तीच सुरू करायची.

दुपारी धाकटी बाहुलीच्या झग्यासाठी दोरा शोधायला आईच्या मशीनचा खण उघडून बसली. बॉबिनांखाली चार घड्यांचा कागद. अक्षर तिचंच.

आईचा पायडलवरचा पाय थांबला.

“मीच काढली गं.”

“का?”

“डॉक्टर म्हणाले, आवाज आता येणार नाही. तू रोज मागशील आणि एक दिवस म्हणशील, देव ऐकतच नाही. मला भीती वाटली.”

धाकटीने बराच विचार केला. “म्हणजे तू देवाला वाचवत होतीस?”

आईला हसूही आलं आणि डोळेही भरले. “तसंच काहीसं. चुकलं माझं.”

“आत्याला सांगायचं?”

“सगळ्यांनाच सांगते.”

संध्याकाळी आईने खरंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. चिठ्ठी डब्यात परत गेली. आत्याने हात घातला, तर नेमकी तीच निघाली. आत्याने ती दोनदा वाचली. मग डोळे मिटून तिने ओठ हलवायला सुरुवात केली.

सगळे माना खाली घालून बसले. पण आवाजच नाही, तर संपल्याचं कळणार कसं? बाबा एका डोळ्याने इकडेतिकडे बघू लागले.

“आमेन!” धाकटी मोठ्याने म्हणाली. ती मघापासून आत्याच्या ओठांकडेच बघत होती.

आत्याने हसून मान डोलावली आणि तिचा हात धरला.

भांडी आवरताना आईला राहवेना. “काय मागितलं गं आत्याने?”

“ते तिचं आणि देवाचं,” धाकटी म्हणाली. “आणि उद्यापासून तिचं आमेन मीच म्हणणार.”

“बघा,” बाबा आईला म्हणाले, “आज खिडकी बंद!”